आडवाटेची गाडी आणि तिचीं चाकें

पावसाळा सुरू झाला म्हणजे सह्याद्रीच्या कुशींतील वाटा शहरांतील मोटारवाल्या कुटुंबांना खुणावूं लागतात. चारही चाकांना इंजिनाची शक्ति पोंचविणारी गाडी आतां पुष्कळ घरांच्या दारांत उभी असते. आणि अशी गाडी दारीं आली कीं, थोड्याच दिवसांत घरांतील तरुण मंडळींची एक मागणी पुढें येते : मूळचीं चाकें काढून मोठीं, रुंद चाकें बसवावींत. दुकानदार तयारच असतो, गाडी रुबाबदार दिसूं लागते, आणि पैशाखेरीज या व्यवहारांत आणखी कांहीं विचार करावयाचा असतो, हें अनेकांच्या ध्यानींहि येत नाहीं. वास्तविक ब्रेक, स्टीअरिंग आणि इंजिन या सर्वांचें कर्तृत्व तळहाताएवढ्या चार रबरी ठशांवर अवलंबून असतें. तेव्हां या ठशांत फेरफार करणें म्हणजे गाडीच्या स्वभावांतच फेरफार करणें होय.

रुंद चाक तें उत्तम चाक, हा समज प्रथम तपासला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धांत नांवारूपास आलेली विलीज जीप ही आडवाटेच्या सर्व गाड्यांची आजी म्हणावयास हरकत नाहीं. तिचे टायर अवघे सहा इंच रुंद व सोळा इंची रिमवर बसणारे होते, आणि तरीहि तिनें चिखल, वाळू व डोंगर यांना दाद दिली नाहीं. याचें कारण असें कीं, अरुंद टायर वरचा पातळ चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीला जाऊन भिडतो. उलट रुंद टायर मऊ वाळूवर भार पसरून न रुततां तरंगत जातो. जेथें चिखलाखालीं मुरूम किंवा कातळ आहे, तेथें अरुंद टायर उपयोगी. जेथें वाळू खोल आहे, तेथें रुंद टायर उपयोगी. म्हणून निवडीचा पहिला प्रश्न 'गाडी कशी दिसेल' हा नसून 'गाडी कोठें जाणार' हा आहे.

टायराच्या बाजूवर कोरलेले आंकडे वाचण्याची कला मुळींच अवघड नाहीं. उदाहरणासाठीं सुझुकी कंपनीची जिम्नी ही लहान गाडी घेऊं. तिच्या टायरावर १९५/८० आर १५ असें लिहिलेलें असतें. १९५ ही टायराची मिलिमीटरमधील रुंदी. ८० म्हणजे टायराच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या शेंकडा ८०, म्हणजे १५६ मिलिमीटर. आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास, म्हणजे ३८१ मिलिमीटर. भिंत वर एक आणि खालीं एक असल्यामुळें उभ्या चाकाचा एकूण व्यास ६९३ मिलिमीटर भरतो.

आतां या गाडीला पुष्कळजण २३५/७५ आर १५ हा टायर बसवितात. वरच्याच रीतीनें गणित केल्यास त्याचा व्यास ७३३.५ मिलिमीटर येतो, म्हणजे मूळच्यापेक्षां शेंकडा सुमारें ५.८ अधिक. जमिनीपासूनची उंची मात्र या वाढीच्या निम्म्यानें, म्हणजे अवघ्या २० मिलिमीटरनीं वाढते. या बोटभर उंचीची किंमत कोणती? चाकाचा परीघ वाढल्यामुळें वेगदर्शक यंत्र खरा वेग कमी दाखवूं लागतें. इतर सर्व गोष्टी सारख्या धरल्या तर जेथें पूर्वीं ८० ची गति असे, तेथें आतां सुमारें ८५ ची असते. इंजिनाची ओढ जमिनीपाशीं पोंचेपर्यंत शेंकडा साडेपांचांनीं घटते, आणि चढावर खालचा गिअर लौकर टाकावा लागतो. ब्रेकलाहि तेंच काम करण्यास तितकाच अधिक जोर लावावा लागतो. शिवाय चाकाचें वाढलेलें वजन स्प्रिंगांच्या खालीं येतें, त्यामुळें खड्ड्यांतील हादरे वाढतात व पेट्रोलहि अधिक जळतें.

यानंतर येतो ऑफसेटचा प्रश्न, आणि खरी चूक बहुधा येथेंच घडते. चाकाच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर एक रेषा कल्पावी. चाक हबवर जेथें टेकतें तो पृष्ठभाग या मध्यरेषेपासून जितका दूर असेल, तें अंतर म्हणजे ऑफसेट. टेकणारा पृष्ठभाग मध्यरेषेच्या बाहेरच्या अंगास असेल तर ऑफसेट धन, आणि चाक गाडीच्या आंत ओढलेलें असतें. तो आंतल्या अंगास असेल तर ऑफसेट ऋण, आणि चाक बाहेर डोकावतें. चाकावर 'ईटी' अशीं दोन अक्षरें व त्यांपुढें आंकडा कोरलेला आढळतो, तो हाच. हीं अक्षरें एका जर्मन शब्दावरून आलेलीं आहेत.

जिम्नीच्या मूळ चाकाचा ऑफसेट धन ५ मिलिमीटर आहे. म्हणून तिचा १९५ चा टायर टेकण्याच्या पृष्ठभागापासून आंत १०२.५ व बाहेर ९२.५ मिलिमीटर पसरतो. २३५ चा टायर त्याच ऑफसेटवर बसविला तर तो दोन्ही अंगांस २० मिलिमीटर वाढतो, आणि आंतल्या बाजूस स्टीअरिंगच्या व सस्पेन्शनच्या भागांना घासण्याचा संभव उत्पन्न होतो. हें टाळण्यासाठीं ऋण १५ ऑफसेटचें चाक घेतलें, तर आंतली बाजू अगदीं मूळच्या जागीं येते. परंतु बाहेरची बाजू ४० मिलिमीटर पुढें सरकते. एका अंगाचा प्रश्न सुटला, तो दुसऱ्या अंगास जाऊन उभा राहिला! हब व चाक यांच्यामध्यें बसविण्याची धातूची चकती, जिला स्पेसर म्हणतात, तीहि हेंच करते : २५ मिलिमीटरची चकती म्हणजे ऑफसेट २५ मिलिमीटरनीं कमी करणें.

चाक बाहेर सरकलें म्हणजे काय होतें, हें विहिरीच्या रहाटावर काम केलेल्या माणसास चटकन् कळेल. दांडा जितका लांब, तितका जोर अधिक. गाडीचा भार हबमधील बेअरिंगांवर योग्य जागीं पडावा अशी मूळ योजना असते. चाक बाहेर गेलें कीं, हाच भार लांब दांड्यानें बेअरिंगांना पिळूं लागतो आणि त्यांचें आयुष्य घटतें. पुढचीं चाकें वळतांना मोठ्या कमानींत फिरतात व मडगार्डाच्या कडेला लागतात. दगडावर चाक आपटलें तर त्याचा हिसका स्टीअरिंगमधून थेट हातांत येतो. आडवाटेनें चालवितांना आंगठे स्टीअरिंगच्या आंत अडकवूं नयेत, असें जुने चालक सांगत, तें याच हिसक्यामुळें. शिवाय चाकांवरचा चिखल व खडे गाडीच्या अंगावर आणि मागून येणाऱ्यांवर उडतात, तें वेगळेंच.

कोणी म्हणेल, मग फेरफार करूंच नये काय? तसें नाहीं. जिम्नीच्याच बाबतींत २१५/७५ आर १५ हा टायर मूळच्या साडेपांच इंची रिमवर बसतो, ऑफसेट बदलावा लागत नाहीं, दोन्ही अंगांस केवळ १० मिलिमीटर वाढ होते आणि व्यास शेंकडा दीडनेंच वाढतो. चिखलासाठीं खोल नक्षीचा टायर या मापांत घेतला, तर मूळच्या गुळगुळीत टायराच्या मानानें वाटेवरील पकड पुष्कळ सुधारते. २३५ च्या टायरास मात्र सामान्यतः निदान सहा इंच रुंदीची रिम लागते, म्हणून तेथें चाकाचा खर्चहि आलाच. खोल वाळूंत नवीं चाकें घेण्यापेक्षां टायरांतील हवा तात्पुरती कमी करणें हा उपाय पुष्कळदां अधिक गुणकारी ठरतो, कारण त्यानें जमिनीवरील ठसा लांबट होतो. पक्क्या रस्त्यास लागण्यापूर्वीं हवा पुन्हां भरलीच पाहिजे. कमी हवेचा टायर वेगांत तापतो आणि फुटतो.

खरेदीच्या वेळीं आणखी चार गोष्टी पाहाव्यात. टायराचा भारांक मूळच्याहून कमी नसावा. जिम्नीच्या टायराचा ९६ हा भारांक एका टायरास ७१० किलो भार पेलण्याची हमी देतो. चाकाचीं भोकें व मधलें छिद्र हबशीं तंतोतंत जुळावींत. जिम्नीचे पांच बोल्ट १३९.७ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात. चारहि चाकें एकाच मापाचीं असावींत, नाहीं तर चारही चाकें जुंपल्यावर गिअरच्या पेटीवर अनाठायीं ताण येतो. पांचवें, जादा चाकहि त्याच मापाचें हवें, आणि जिम्नीप्रमाणें तें मागच्या दारावर टांगलेलें असल्यास दाराच्या बिजागऱ्यांना तें वजन झेपेल कीं नाहीं, हें पाहावें.

कायद्याचीहि बाजू आहे. भारतांत १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचें ५२ वें कलम, नोंदणीपत्रांतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार करण्यास मनाई करतें, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानें हें तत्त्व स्पष्ट शब्दांत मांडलें. म्हणून चाकें बदलण्यापूर्वीं उत्पादकानें कोणतीं मापें मान्य केलीं आहेत, हें पाहावें. परिवहन कार्यालय व विमा कंपनी यांना विचारून घ्यावें. अपघातानंतर ही चौकशी दुसरे लोक करतात, आणि तेव्हां उत्तर बदलतां येत नाहीं.

सारांश, क्रम असा ठेवावा : आधीं वाट, मग टायर, मग टायरास साजेशी रिम, आणि सर्वांत शेवटीं ऑफसेट, तोहि मूळच्या जितका जवळ राहील तितका बरा. चाकें बसविल्यावर स्टीअरिंग दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून आणि एक चाक उंचवट्यावर चढवून कोठें घासत नाहीं ना, हें पाहावें. शंभर किलोमीटरच्या आंत नट पुन्हां आवळून घ्यावेत. घाटांतील वळणावर या गाडींत मुलें व वडीलधारीं माणसें बसलेलीं असतात. त्यांचा भार ज्या चाकांवर सोपवावयाचा, तीं निवडतांना कागद, पेन्सिल आणि तासभर वेळ खर्च करणें मुळींच जास्त होणार नाहीं.