पदार्थ चालतो, हात चालत नाही

महाराष्ट्राच्या खाद्यसंस्कृतीचं वैविध्य सांगायचं झालं की पदार्थांची जंत्री सुरू होते: नाशिकची मिसळ, खानदेशी मांडे, मालवणी कालवण, सोलापुरी शेंगाचटणी. कोणाच्या हातचं कोणाला चालत नाही, हे मात्र त्या जंत्रीत कधीच येत नाही. खाण्यातल्या समावेशाचा खरा प्रश्न तोच आहे.

छापील पुस्तकंच पाहावीत. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली निघालं आणि पाठारे प्रभूंचं मासे-मटण त्यात मानाने आलं. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० पासून घरोघरी पोचली. दलितांच्या चुलीवरचं अन्न १९७८ च्या ‘बलुतं’सारख्या आत्मकथनांतून दिसू लागलं, पण तिथे ते भुकेच्या आणि अपमानाच्या आठवणींसोबत येत होतं. त्याचं पाककृतींसह अख्खं पुस्तक, शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’, यायला २०१५ उजाडलं. मांसाच्या लांब पट्ट्या कापून उन्हात कडक वाळवलेल्या चान्या, रक्ताची रक्ती, आतड्यांची वजडी. तेल-तूप-दूध त्यात जवळपास नाहीच. जे अन्न पिढ्यान्‌पिढ्या शिजत होतं ते पुस्तकात यायला शंभर वर्षं लागली, आणि त्याच २०१५ च्या मार्चमध्ये राज्याच्या कायद्याने गोहत्याबंदी बैलांपर्यंत वाढवली.

या अन्नाचा विषय निघाला की एक उत्तर ठरलेलं असतं: खुद्द बाबासाहेबांनीच हे खाणं सोडायला सांगितलं होतं. महाडला १९२७ साली त्यांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, हे खरं. त्या आवाहनाचा रोख होता ढोरं ओढायला लावणाऱ्या आणि उष्टंपाष्टं पदरात टाकणाऱ्या गावगाड्यावर. त्याचा दाखला देऊन आज कोणाच्या ताटातल्या ताज्या मटणाला नाक मुरडणं ही लबाडी आहे.

‘घरात काय खावं हा ज्याचा त्याचा प्रश्न’ हेही पटण्यासारखं आहे, घरापुरतं. पण पुण्यात २०१७ साली स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनी जात लपवून सोवळं मोडलं, अशी पोलिसांत तक्रार गेली. स्वयंपाकात खोट नव्हती, तो खाल्लाही गेला होता. हात कळला, तेव्हा विटाळ झाला. तक्रार पुण्यातली असली, तरी ज्या नाशकात दलितांसाठी काळाराम मंदिराचं दार उघडावं म्हणून २ मार्च १९३० पासून सत्याग्रह चालला, तिथे या तक्रारीचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागू नये.

शाळेतल्या शिजवलेल्या आहारासाठी स्वयंपाकी नेमताना दलित-आदिवासींना प्राधान्य द्यावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २००४ चा आदेश आहे. तो रोगाच्या मुळावर बोट ठेवणारा आहे, कारण एका हातचं एकत्र बसून जेवण्याची सवय तिथेच लागते. ताटाची कथा मात्र वेगळी. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेत आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा खर्च उचलणं थांबवलं. हवं तर लोकवर्गणी काढा, असं शाळांना कळवलं. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठच्या आदिवासी पाड्यांवर वर्गणी कोण देणार? अंड्याला हरकत घेणाऱ्यांच्या मुलांना प्रथिनांची ददात नसते.

याच पाड्यांवरची नागली २०२३ च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षात एकाएकी प्रतिष्ठित झाली. तिची बिस्किटं शहरात महाग विकली जातात. उखळीत वरई सडणारी, नागलीची भाकरी हातावर थापणारी कोकणा किंवा वारली बाई मात्र महोत्सवात कोपऱ्यातल्या स्टॉलपुरती, फोटोपुरती. परीक्षकांच्या खुर्चीवर तिला कोणी बसवत नाही.

साहित्याचे मंडपही यातून सुटलेले नाहीत. मंड्याच्या कन्नड साहित्य संमेलनात डिसेंबर २०२४ मध्ये दारू-तंबाखूच्या रांगेत मांसाहारालाही बंदी लिहिली गेली. तिथले लोक भांडले आणि अंडी तरी वाढायला लावली. मराठी संमेलनांनी भांडणाची वाट पाहू नये. नाशिक जिल्ह्यात यापुढे साहित्याचा मंडप पडेल तेव्हा भोजनाचं कंत्राट सुरगाणा, पेठ, येवल्याच्या बचत गटांना द्यावं, ताटात काय असावं ते त्यांनी ठरवावं, आणि स्वयंपाक करणाऱ्या बायकांची नावं निमंत्रणपत्रिकेत वक्त्यांच्या नावांबरोबर, त्याच टायपात छापावीत.