प्रभागाची हद्द चुकली तर कोर्टात जाता येतं का?

आज गांधीबागेतून बोलतोय, कापड मार्केटच्या मागच्या घरातून. मध्येच गाड्यांचे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या.

महापालिका निवडणुकीआधी प्रभाग रचनेचा मसुदा आला. आमच्या गल्लीची एक बाजू एका प्रभागात, समोरची दुसऱ्यात. नाली मात्र एकच! बाबा म्हणाले, "कोर्टात जा ना बाप्पा, हायकोर्ट सिव्हिल लाइन्सलाच आहे." मी सॉफ्टवेअरवाला, कायद्यातलं शून्य. पण वाचायला बसलो.

राज्यघटनेचं कलम ३२९ सांगतं, लोकसभा-विधानसभेच्या मतदारसंघांच्या सीमा ठरवणाऱ्या कायद्याला कोर्टात आव्हान देता येत नाही. महापालिकेसाठी तसंच कलम आहे, २४३ झेडजी. उज्जैनचे मेघराज कोठारी त्यांचा मतदारसंघ राखीव झाला म्हणून सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. १९६६ मध्ये उत्तर मिळालं: परिसीमन आयोगाचा आदेश राजपत्रात छापला की तो कायद्यासारखाच. आमच्या भाषेत, कोड प्रॉडक्शनला गेला, आता रोलबॅक नाही.

कारण साधं आहे. प्रत्येक रेषेवर खटला चालला तर निवडणूक कधी होणार? आपल्याच शहरात २००८ च्या परिसीमनाने पाचाचे सहा विधानसभा मतदारसंघ झाले, दक्षिण-पश्चिम नवा आला. तेव्हा किती गल्ल्या इकडच्या तिकडे गेल्या असतील, विचार करा.

मग दार पूर्ण बंद? नाही. २०२४ मध्ये गुजरातच्या बारडोली प्रकरणात सुप्रीम कोर्ट म्हणालं, आदेश उघडपणे मनमानी आणि घटनेच्या मूल्यांशी विसंगत असेल तर न्यायालय तपासू शकतं. आणि १९९५ चा उत्तर प्रदेशातल्या पंचायतींचा निकाल तर आपल्या कामाचा: हरकती मागवल्याच नाहीत, सुनावणी दिलीच नाही, तर तेवढ्या मुद्द्यावर जाता येतं. तेही निवडणूक जाहीर होण्याआधीच.

म्हणजे खरी लढाई कोर्टात नाही, हरकतीच्या त्या थोड्या दिवसांत आहे. आणि मी? "रविवारी लिहू" म्हणत बसलो, मुदत गेली. कोर्टात सांगणार काय? हरकती तर मागवल्या होत्या, मीच दिली नाही.

बाबा अजूनही विचारतात, "केस कुठवर आली?" मी गप्प.

तुमच्याकडे मसुदा येईल तेव्हा नकाशा झूम करून बघा, गल्ली शोधा, चूक दिसली तर त्याच दिवशी लेखी हरकत द्या, पोच घ्या. भेटू पुढच्या भागात!