तोडीला निघालात? दवाखान्याची फाईल घेतली का?



दसरा आला की आपल्या कळंब, वाशी, भूम, परंड्याकडच्या गावांत मुकादमाच्या चकरा वाढतात. उचल आधीच घेतलेली असते, बऱ्याच घरांत ती खर्चूनही झालेली असते. मग एक दिवस ट्रक नाहीतर ट्रॅक्टर दारात येतो. पेटी, पीठ, भांडी, अंथरूण, कोपीचं सामान, शेळी, कोंबड्या, लेकरं, सगळं भरलं जातं. घरी राहतात म्हातारी माणसं, आणि राहतात खुंटीला अडकवलेल्या पिशवीतले दवाखान्याचे कागद. आज आम्ही त्या कागदांबद्दल बोलणार आहोत.

परदेशात नोकरीला जाणारा माणूस निघण्याआधी आपल्या आजारांचा आणि औषधांचा कागद डॉक्टरकडून लिहून घेतो. 2021 साली तर कोरोनाच्या लसीच्या सर्टिफिकेटवर पासपोर्टचा नंबर टाकून घ्यायला लोकांची धावपळ चालली होती. आपलं जाणं त्याहून हलकं आहे का? आपण कोल्हापूर, सांगली, साताऱ्याला जातो. कुणी हद्द ओलांडून बेळगाव, बागलकोटकडं जातात. पाच-सहा महिने तिथंच काढतो. तिथल्या दवाखान्याला आपण नवीन, आणि कर्नाटकात तर बोलीही वेगळी. तोंडानं सांगायला भाषा आडवी येते, कागदाला येत नाही. औषधाचं नाव, रक्तगट, हिमोग्लोबिनचा आकडा इथं आणि तिथं एकच असतो.

आधी गरोदर बाईचं बघू. समजा, आपली एक सून पाच महिन्यांची असताना फडावर गेली. दिवस भरतात माघ-फाल्गुनात. रात्री पोटात दुखायला लागलं, 108 ला फोन केला, गाडी आली. ही गाडी महाराष्ट्रातही 108 वरच येते आणि कर्नाटकातही. दवाखान्यात पोचल्यावर पहिले प्रश्न येतात ते असे: कितवा महिना? आधीचं बाळंतपण सिझेरियन झालं होतं का? रक्तगट कोणता? बीपी वाढलं होतं का? कळांमध्ये तळमळणाऱ्या बाईनं यातलं काय काय सांगायचं? नवऱ्याला निम्मं माहीत नसतं.

ही सगळी उत्तरं आशाताईनं दिलेल्या माता-बाल संरक्षण कार्डावर असतात. शेवटच्या पाळीची तारीख, बाळंतपणाची अंदाजे तारीख, वजन, बीपी, हिमोग्लोबिन, धनुर्वाताची इंजेक्शनं, सगळं त्यावर लिहिलेलं असतं. कर्नाटकात असंच कार्ड असतं, त्याला तायी कार्ड म्हणतात. म्हणून तिथल्या नर्सबाईला आपलं कार्ड दाखवलं तर तिला ते नवं वाटणार नाही.

रक्तगटाचं जरा जास्त सांगतो. बाईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत तिला एक खास इंजेक्शन लागतं, त्याला अँटी-डी म्हणतात. साधारण सातव्या महिन्यातही एक देतात. ते चुकलं तर पुढच्या बाळाच्या जिवाला धोका होऊ शकतो. रक्तगट तिथंही तपासता येईल, पण सातव्या महिन्यातलं इंजेक्शन झालं की नाही हे फक्त कार्डच सांगेल. आणि आधीचं सिझेरियन झालं असेल, तर त्या वेळचं डिस्चार्ज कार्डसुद्धा याच फाईलमध्ये हवं.

आता लेकरं. बाळाला दीड महिना, अडीच महिने आणि साडेतीन महिने पूर्ण झाले की लसी असतात. दसऱ्याच्या आसपास जन्मलेल्या बाळाचा हिशोब मांडून बघा, या तिन्ही वेळा फडावरच येतात. पुढं नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची लस. कार्ड घरी राहिलं तर कोणती लस झाली आणि कोणती राहिली हे तिथल्या सिस्टरला कळत नाही, मग आई म्हणते, ‘जाऊ दे, गावी गेल्यावर बघू.’ तोवर लेकरू सहा महिन्यांचं होतं. एखादी लस राहून गेली असेल तर घाबरू नका. पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेल्या तिथून पुढं देतात. पण त्यासाठी झालेल्या कोणत्या, हे दिसायला पाहिजे. पैशाचंही त्यात आहे. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेत जे पाच हजार मिळतात, त्यातला दोन हजारांचा हप्ता बाळाच्या साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी पूर्ण झाल्यावरच मिळतो.

घरात कुणाला टीबीचं औषध चालू असेल, तर निघण्याआधी सरकारी दवाखान्यात सांगाच. नेहमीचा टीबीचा उपचार सहा महिन्यांचा, आणि आपला हंगामही जवळपास तेवढाच. औषध मध्येच तुटलं तर आजार परत उठतो, पुढं साध्या औषधाला दाद देत नाही. प्रत्येक टीबी रुग्णाला एक निक्षय नंबर असतो. त्या नंबरावर तुमचा उपचार देशात कुठल्याही सरकारी केंद्राकडं बदलून देता येतो. तो नंबर कागदावर लिहून घ्या. अडचण आली तर 1800-11-6666 हा निक्षयचा फुकट फोन नंबर आहे.

बीपी, शुगर, फेफरं, थायरॉईड यांचंही तसंच. ‘एक पांढरी गोल गोळी चालू आहे’ एवढ्यावर कुठल्याही डॉक्टरला औषध देता येत नाही, पांढऱ्या गोल गोळ्या शेकड्यांनी आहेत. गोळ्या संपल्या तरी पाकिटाचा नाव लिहिलेला तुकडा फाईलमध्ये ठेवा. कुत्रं चावलं असेल आणि इंजेक्शनं चालू असताना निघायची वेळ आली, तर त्याचं कार्ड न्याच. ती लस एका सुईत होत नाही, ठरलेल्या दिवशी पुढच्या सुया घ्याव्याच लागतात.

आता एक नाजूक विषय. गर्भपिशवी काढलेल्या बायांचा. 2019 साली शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळच्या पाहणीत 82,309 बायांची माहिती घेतली, त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहा बायांमागं एक. आपल्या बाजूच्या बाया त्यांच्याच सोबत, त्याच फडांत राबतात. तेव्हा हा प्रश्न परका नाही.

ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांना विचारलं, तर पुष्कळ जणी एवढंच सांगतात, ‘पिशवी काढली.’ पण पुढं कधी दवाखान्यात जायची वेळ आली तर डॉक्टरला तीन गोष्टी कळायला पाहिजेत. ऑपरेशन कशासाठी केलं? नेमकं काय काय काढलं? आणि काढलेली पिशवी तपासणीला पाठवली असेल तर रिपोर्ट काय आला? पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली असतील तर हाडं लवकर ठिसूळ होतात, तरुणपणीच अंगाची आग, घाम, झोप न लागणं सुरू होतं, त्यावर वेगळं औषध लागतं. पिशवीचं तोंड तसंच ठेवलेलं असेल तर तिथल्या कॅन्सरची तपासणी पुढंही करावी लागते. हे सगळं डिस्चार्ज कार्डावर आणि रिपोर्टवर असतं. पोटावरच्या टाक्यांवरून ते वाचता येत नाही.

आणि जिला आता कुणी सांगितलंय की ‘पिशवी खराब आहे, काढून टाका,’ तिनं तर फाईल अजिबात हातातून सोडू नये. सोनोग्राफीचा रिपोर्ट, रक्ताचा रिपोर्ट घ्या आणि सरकारी दवाखान्यातल्या दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. अंगावरून जातंय, ओटीपोटात दुखतंय, एवढ्यानं पिशवी काढावीच लागते असं नाही, पुष्कळ वेळा औषधानं भागतं. आपल्याकडं कागद असला तरच दुसऱ्याचं मत घेता येतं.

कागद दवाखान्यातून मिळतच नाहीत, अशी तक्रार बैठकीत नेहमी येते. तर ऐका. डॉक्टरांसाठीचे 2002 सालचे नियम आहेत. पेशंटनं किंवा त्याच्या माणसानं मागितल्यावर उपचाराचे कागद 72 तासांच्या आत द्यायचे, असं त्यात लिहिलेलं आहे. खासगी डॉक्टरलाही ते लागू आहे. साध्या कागदावर अर्ज लिहा, पेशंटचं नाव आणि भरती झाल्याची तारीख टाका, एक प्रत द्या, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. दवाखान्यात भरती झालेल्या पेशंटचे कागद डॉक्टरनं तीन वर्षं सांभाळायचे असतात. म्हणून ‘पुढच्या वर्षी मागू’ असं करू नका.

आता फाईल कशी लावायची? आमच्या गटाच्या बैठकीत आम्ही सगळ्यांना आपापले कागद आणायला सांगितलं होतं. चार घड्या घातलेले एक्स-रे निघाले, हळद-तेलाचे डाग पडलेल्या चिठ्ठ्या निघाल्या. हृदयाची पट्टी आणि सोनोग्राफीचा फोटो ज्या चकचकीत कागदावर येतो, तो उन्हानं आणि उष्णतेनं फिका पडतो. त्याची लगेच झेरॉक्स काढा. एका माणसाची एक प्लास्टिकची फाईल करा. सगळ्यात वर एक कोरा कागद ठेवा आणि शाळेत जाणाऱ्या मुलीकडून त्यावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या: नाव, वय, रक्तगट, मोठे आजार, झालेली ऑपरेशनं, चालू औषधं, कोणतं औषध अंगावर उठतं, गावातल्या आशाताईचा फोन. सगळ्या कागदांचे फोटो मोबाईलमध्ये काढा आणि गावी राहणाऱ्या एखाद्या विश्वासाच्या माणसाच्या फोनवरही पाठवून ठेवा.

आभा कार्डाबद्दल बऱ्याच जणी विचारतात. आभा म्हणजे चौदा आकडी नंबर. पाच लाखांच्या उपचाराचं आयुष्मान कार्ड वेगळं, आणि हे वेगळं. दवाखान्यानं तुमचा रिपोर्ट या नंबराला जोडला, तर दुसऱ्या गावचा डॉक्टर तुमच्या संमतीनं तो बघू शकतो. पण नुसता नंबर काढला म्हणून जुने कागद आपोआप त्यात जात नाहीत. तेव्हा आभा जरूर काढा, आणि कागदही जपा.

एक मात्र लक्षात ठेवा. फाईल मुकादमाकडं ठेवायची नाही. उचलीच्या हिशोबाची वही त्याची, अंगाच्या दुखण्याची फाईल आपली. कुणाला कोणता आजार आहे हे टोळीभर व्हायचं काही कारण नाही. ती आपल्या पेटीत राहील आणि गरजेला डॉक्टरपुढं उघडेल.

निघण्याआधी आशाताईला, नर्सबाईला आणि अंगणवाडीताईला कुठल्या कारखान्याला, कुठल्या तालुक्यात जाताय हे सांगून जा. अंगणवाडीच्या नोंदीत स्थलांतर टाकलं तर तिकडच्या अंगणवाडीत लेकराला आहार मिळायला सोपं जातं. तिकडं पोचलात की पहिल्या आठवड्यात जवळचं उपकेंद्र कुठं आहे ते विचारून ठेवा. परत येताना तिकडचे कागदही फाईलमध्ये घालून आणा, नाहीतर इथली नर्सबाई अडून बसेल.

ज्या गटातल्या बाया तोडीला जात नाहीत, त्यांच्यासाठीही काम आहे. दसऱ्याआधीची एक बैठक फाईलसाठी ठेवा. ज्यांना लिहिता येतं त्यांनी वरचा कागद लिहून द्यावा, ज्यांच्याकडं चांगला मोबाईल आहे त्यांनी फोटो काढून द्यावेत. गरोदर आणि ओल्या बाळंतिणीची फाईल सगळ्यात आधी लावा. झेरॉक्सला जे चार-दोन रुपये लागतील ते गटाच्या पैशातून गेले तरी हरकत नाही.

कोयता, विळा, दोरी कुणी विसरून जात नाही, कारण त्याच्यावर पोट आहे. ज्या अंगानं कोयता चालवायचा, त्या अंगाचे कागदही त्याच पेटीत टाका. ट्रक हलण्याआधी शेजारणीला एकदा विचारा, ‘फाईल घेतलीस का गं?’

भेटू पुढच्या वेळी. रामराम.