रोटाव्हेटर आणि वाफसा

आमची माकणी बाहेरच्यांना ठाऊक आहे ती तेरणेवरच्या धरणामुळे. शिवार काळ्या मातीचं. मृगाच्या तोंडावर आता इथं बैलांच्या घुंगरांपेक्षा ट्रॅक्टरचीच घरघर जास्त आणि त्याच्यामागं हमखास रोटाव्हेटर.

हे नाव इंग्रजी अक्षरांत लिहून उलटीकडून वाचलं तरी तेच राहतं. कवीला गंमत वाटावी असं! ऑस्ट्रेलियातल्या आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या शेतकऱ्याच्या मुलानं 1912 साली वडिलांच्या शेतावर फिरत्या पात्यांचे प्रयोग सुरू केले आणि 1920 साली पेटंट घेतलं.

जोडणी सपाट जागेवर करावी. आधी डावा हात, मग उजवा, शेवटी टॉपलिंक. प्रत्येक पिनेला लॉक हवं. उजव्या हाताच्या फिरकीनं दोन्ही बाजू एका पातळीत आणाव्यात, नाहीतर एकीकडं खोल अन् दुसरीकडं नुसतं खरवडलेलं रान मिळतं. पीटीओचा शाफ्ट इंजिन बंद करूनच बसवावा. त्याच्या दोन नळ्या एकमेकींत पुरेशा शिरलेल्या हव्यात, पण अवजार वर-खाली होताना त्या टोकाला टेकू नयेत. पात्यांचे बोल्ट आणि गिअरपेटीतलं तेल रोज पाहावं.

रानात पाती आधी फिरू द्यावीत, मग अवजार हळूहळू टेकवावं. धुऱ्यावर वळताना ते उचललंच पाहिजे. खोली चार ते सहा इंच पुरते. मागची फळी खाली असली की माती बारीक होते, वर असली की रवाळ राहते. पेरणीला रवाळच बरी. पिठासारख्या मातीवर पाऊस पडून ऊन तापलं की पापडी धरते आणि सोयाबीनचा कोंब आतच मुडपतो.

खरा प्रश्न वाफशाचा आहे. आमचे अब्बा मूठभर माती दाबून लाडू करायचे आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडायचे. लाडू फुटला तर वाफसा, चिकटून राहिला तर बैल सोडायचे. आज ट्रॅक्टर भाड्याचा असतो. ड्रायव्हर म्हणतो, “मामा, आज नाही तर आठ दिवस नंबर नाही.” मग ओल्या रानातच पाती फिरतात. वरची माती छान दिसते, खाली मात्र घट्ट थर दाबला जातो. दरसाल असंच झालं की पाणी मुरत नाही, मुळं आडवी पसरतात आणि पावसानं जरा ओढ दिली की पीक माना टाकतं. असा थर झालाच तर उन्हाळ्यात खोल नांगरट करून तो फोडावा लागतो.

आणखी एक. मिनिटाला 540 म्हणजे सेकंदाला नऊ फेरे फिरणारा शाफ्ट धोतर, उपरणं, ओढणी ओळखत नाही. त्यावरचं झाकण काढून ठेवू नका. वजन म्हणून पोराला रोटाव्हेटरवर बसवू नका. पात्यांत धसकटं गुंतली तर इंजिन बंद करा, अवजाराला खालून भक्कम टेकू द्या, मगच हात घाला.

ट्रॅक्टर कुणाचाही असो, रान आपलं आहे. नंबर हुकला तर आठ दिवस जातील. ओल्या रानात घाई केली तर हंगाम जाईल. तेव्हा ड्रायव्हरला “थांब” म्हणायला संकोचू नका.