डबा उघडून पाहा

मुलांना कोणती पुस्तकं आवडतात हे शोधायला मी प्रश्नावली घेऊन शाळाशाळांतून हिंडते. त्यातून एकच शहाणपण आलं : मुलांना विचारू नका, बघा.

चौथीच्या एका वर्गात कागद वाटले. ‘तुझं आवडतं पुस्तक कोणतं?’ शेजारी बाई उभ्या. जवळजवळ प्रत्येक कागदावर ‘श्यामची आई’! साने गुरुजींनी ते १९३३ साली आपल्या नाशिकच्याच तुरुंगात लिहिलं, अभिमान मलाही आहे. पण पोरांनी पुस्तक आठवून लिहिलं, की बाईंकडे बघून? मधल्या सुट्टीत वर्गातली पुस्तकांची पेटी उघडली. ‘श्यामची आई’ कोरी करकरीत. तळाशी मात्र चित्रांचं एक पातळ पुस्तक, आणि त्यातल्या एकाच पानावरच्या वाघाच्या शेपटीवर तेलकट बोटांचे इतके ठसे, की पट्टे पुसट झालेले. त्याचं नाव एकाही कागदावर नव्हतं.

डब्याचंच घ्या ना. ‘भाजी आवडली का रे?’ ‘हो.’ शहाणी आई पुढे विचारत नाही, डबा उघडते. पोळी संपलेली, गिलकं तसंच. बरं, रिकामा डबा म्हणजे भाजी आवडली असंही नाही. बाकावरच्या मित्रानं खाल्ली असेल. वाचनालयाच्या नोंदवहीचं तेच. पुस्तक घरी गेलं एवढंच ती सांगते, वाचलं की नाही ते नाही. आणि भाजी निवडतो कोण? आपण. पुस्तकंही आपणच निवडतो. म्हणून बाबांना विचारावं, तर ते डोळे मिटून ‘फास्टर फेणे’ म्हणतात. भा. रा. भागवतांचा फेणे मलाही लाडका; पण बाबा, प्रश्न तुमच्या मुलाबद्दल होता!

कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’नं २००९पासून पुस्तकांच्या पेट्या वाचकांपर्यंत नेल्या. अशी पेटी तुमच्याकडे असेल, तर परत करताना पुस्तकं मोजता, तशी पानंही चाळा. कुठलं पान मळलंय? कोपरा कुठे दुमडलाय? डागाबद्दल लेकराला रागावू नका. माझ्या प्रश्नावलीला न मिळालेलं उत्तर त्या डागात असतं. पुन्हा सांगते, विचारू नका, बघा.

आणखी एक. सुरगाणा-पेठच्या कितीतरी घरांत कोकणा बोलतात, बागलाणात अहिराणी. माझा प्रश्न मात्र छापील मराठीत. एका मुलीनं कोरा कागद दिला आणि बाहेर व्हरांड्यात पुस्तकातली गोष्ट मैत्रिणीला हातवारे करून, आपल्या बोलीत सांगितली.

तर आज रात्री ‘पुस्तक आवडलं का?’ असं विचारू नका. ते दिव्याखाली धरा आणि डब्यासारखं उघडून पाहा.