अंबरनाथचं देऊळ आणि ठाण्याचे भाऊ



अंबरनाथचं शिवमंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधलं, उजाडलं म्हणून गाभाऱ्यावरचं शिखर राहून गेलं, असं गावात सांगतात. उत्तरेकडच्या दारावरच्या तुळईवर कोरलेला लेख मात्र वेगळंच सांगतो. डॉ. भाऊ दाजींनी त्यातलं साल शक ७८२ असं वाचलं. पुढे भगवानलाल इंद्रजींनी ते ९८२ असल्याचं दाखवलं. म्हणजे इसवी सन १०६०. एका आकड्यापायी देऊळ दोनशे वर्षांनी अलीकडे आलं!

लेखात नाव आहे ठाण्याच्या शिलाहार घराण्यातल्या महामंडलेश्वर मम्मुणीचं आणि त्याचा थोरला भाऊ छित्तराज याचंही. थोरल्याने काम काढलं, धाकट्याने पुरं केलं, असं अभ्यासक मानतात. मधला भाऊ नागार्जुन. गादी तिघांकडे फिरली, पण छिन्नी थांबली नाही.

गंमत पुढे आहे. १०२० च्या सुमारास माळव्याच्या भोज परमाराने कोकण जिंकलं आणि त्या विजयाप्रीत्यर्थ दानपत्रंही दिली. आणि अंबरनाथचं देऊळ भूमिज शैलीचं, म्हणजे माळव्याशी जोडल्या जाणाऱ्या घडणीचं! ज्याने आपल्याला हरवलं त्याच्याकडची कला उचलायला मोठं मन लागतं; की शहाणपण? मला तरी त्यात मुरलेलं राजकारण दिसतं.

शिलाहारांचा पैसा बंदरांचा. नागार्जुनाचा मुलगा अनंतदेव १०९४ च्या खारेपाटण ताम्रपटात ठाणे, सोपारा, चौल या बंदरांवरची जकात मर्जीतल्या मंत्र्यांना माफ करतो, आणि कोकणाला भाऊबंदकीच्या जाचातून सोडवल्याची फुशारकीही मारतो.  

मंडपातून वीसेक पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जा. वर उघडं आकाश, पाऊस थेट पिंडीवर. बाहेर काळ्या दगडाच्या भिंतींवर मूर्तींची दाटी. जवळून वाहणाऱ्या वालधुनीचं पाणी मात्र कारखान्यांनी पार नासवलंय.

या तिघा शिलाहार भावांनी सोड्ढल नावाच्या कवीलाही आश्रय दिला. तो मूळचा लाट देशचा, म्हणजे दक्षिण गुजरातचा. त्याची 'उदयसुंदरीकथा' मात्र पुढे लाटच्या वत्सराजाच्या पदरी लिहून झाली. कवीला दरबार बदलता येतो. ठाणेकरांच्या वाट्याला त्या ग्रंथात उरले ते आश्रयदाते म्हणून कृतज्ञतेचे चार शब्द.