आमची धावायची वाट, त्यांची आडोशाची जागा

(वस्ती पातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेली मांडणी, थोडी संक्षिप्त करून.)

शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव 'आरोग्य' या सत्रात आहे. रक्तक्षय, अंगावरून जाणं, मारहाणीच्या खुणा, या विषयांवर आपण नेहमीच बोलतो. आज मी धावण्याबद्दल बोलणार आहे, आणि तेही जंगलात धावण्याबद्दल. काहीजणी हसताहेत. आमच्या गटातल्या बायाही अशाच हसल्या होत्या. "दिवसभर धावतोच की, आणखी कशाला?"

मी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या वस्तीत काम करते. एका आरोग्य बैठकीत मी सहज विचारलं, "शेवटचं कधी धावलात?" एक म्हणाली, "काल, लोकल पकडायला." बाकीच्या म्हणाल्या, शाळेत असताना. पाळी सुरू झाली आणि धावणं बंद झालं. कुणी फार रागावून बंद केलं असंही नाही. "आता मोठी झालीस" एवढं एक वाक्य पुरलं. पंचवीस-तीस वर्षं स्वतःसाठी एकदाही न धावलेल्या बावीस बाया त्या खोलीत बसल्या होत्या. त्यातल्या नऊजणी म्हणाल्या, आपण धावून बघू या.

पण धावायचं कुठे? मैदानात मुलगे क्रिकेट खेळतात. फूटपाथवर टपऱ्या, आणि त्यांच्यापुढे शेरे मारणारे उभे. उरलं जंगल. मुंबई आणि ठाण्याच्या मधोमध सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकींनी ते फक्त मुलांच्या सहलीला पाहिलेलं असतं. मुख्य दरवाजापासून कान्हेरी लेण्यांकडे जाणारा डांबरी रस्ता सहा किलोमीटरच्या वर आहे. त्याला सावली आहे, आणि शेवटी चढ लागतो. शिलोंढ्यासारख्या ओढ्याकाठच्या पाऊलवाटा वेगळ्या. तिथे परवानगी आणि वाटाड्या घेऊनच जायचं असतं.

पाऊलवाटेवर धावणं म्हणजे रस्त्यावर धावणं नव्हे, हे आम्ही गुडघे फोडून शिकलो. वाटेत मुळं, सुटे दगड, पावसाळ्यात शेवाळ. नजर पायाशी ठेवायची नाही, तीन-चार पावलं पुढे ठेवायची. पावलं लहान टाकायची. चढावर चालायचं आणि त्याची लाज वाटू द्यायची नाही. ओढ्याला पाणी चढलं असेल तर मुकाट्याने मागे फिरायचं. साडीऐवजी सलवार घालायची की नाही, यावर मात्र दोन बैठका झाल्या!

मग घरातून विरोध सुरू झाला, आणि त्याचं एकच नाव होतं: बिबट्या. भीती खोटी नव्हती. २०१५ च्या कॅमेरा-गणनेत या परिसरात ३५ वेगवेगळे बिबटे ओळखले गेले. २००४ साली उद्यानाच्या आसपास माणसांवर हल्ले झाले, माणसं मेली. त्यामागची कारणंही समजून घेतली पाहिजेत. दुसरीकडे पकडलेले बिबटे इथे आणून सोडले जात होते. विद्या अत्रेय यांनी जुन्नर भागात केलेल्या अभ्यासातून दिसलं आहे, की बिबट्या उचलून परक्या जागी सोडला की संघर्ष मिटत नाही, वाढतो. शिवाय वस्तीकडेला कचरा साचतो, कचऱ्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांसाठी बिबट्या येतो.

म्हणून आम्ही नियम केले. उजाडल्याशिवाय निघायचं नाही. एकटीने मागे राहायचं नाही. कानात गाणी लावायची नाहीत. वाट सोडून झाडीत शिरायचं नाही. बिबट्या दिसलाच तर पाठ फिरवून पळायचं नाही. धावायला गेलेल्या बाईने नेमकं तेव्हाच धावायचं नसतं! ताठ उभं राहायचं, त्याला जायला वाट ठेवायची आणि त्याच्याकडे तोंड ठेवूनच हळूहळू मागे सरकायचं. आम्हाला तो आजवर दिसलेला नाही. त्याने आम्हाला पाहिलं असेल. आमच्यातली एक म्हणते, "बिबट्या बरा. तो मागेमागे येऊन नाव तरी विचारत नाही."

आता माझ्या चुकीबद्दल बोलते. खरं म्हणजे त्यासाठीच इथे उभी आहे.

दुसऱ्या वर्षी बाया वाढल्या. मी उत्साहाने एक नवी वाट आखली. उद्यानाच्या हद्दीबाहेरची, जंगलाच्या कडेने एका आदिवासी पाड्यामागून जाणारी, साधारण चार किलोमीटरची. नकाशा काढला, वळणांवर दगडांना चुन्याच्या खुणा केल्या. पहाटे सहाची वेळ ठरवली. पाड्यात कुणाला विचारलं नाही. वाट मोकळीच आहे, विचारायचं काय, असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी पाड्यातली एक वयस्क बाई वाटेत उभी राहिली. वारली बाई, हातात कोयता. म्हणाली, "बाई, तुमी इथं धावता, ती आमची बसायची जागा हाय. तीन दिस झाले, आमच्या पोरी अंधारातच उठून जातात."

त्या पाड्यात वापरण्याजोगा एकही संडास नव्हता. आमच्या बोलण्याच्या आवाजाने तिथल्या बायका पहाटे चारला, काळोखात, झाडीत आणखी आत जात होत्या. आणि बिबट्याचा धोका नेमका कुणाला असतो? वाकलेल्या, खाली बसलेल्या माणसाला आणि लहान मुलाला. उभं माणूस बिबट्या सहसा टाळतो. म्हणजे बायांच्या मोकळेपणासाठी मी आखलेली वाट दुसऱ्या बायांना बिबट्याच्या तोंडी लोटत होती. एम. एस. डब्ल्यू.ची पदवी असलेल्या, सहभागी पद्धतीची प्रशिक्षणं घेणाऱ्या मला हे सुचलं नव्हतं.

त्या दिवशी एक गोष्ट लख्ख दिसली. धावायला निघालेल्या बाईला घरचे म्हणतात, "बिबट्या आहे, जाऊ नको." तीच बाई संध्याकाळी मोळी आणायला, पाणी भरायला, आडोशाला जाते तेव्हा कुणालाच बिबट्या आठवत नाही. कामाला जाणाऱ्या बाईच्या वाटेवर धोका नसतो, स्वतःसाठी निघालेल्या बाईच्याच वाटेवर असतो. ही भीती बिबट्याची नव्हे, ही मालकी आहे.

आम्ही ती वाट बंद केली. चुन्याच्या खुणा आम्हीच पुसल्या. मग पाड्यातल्या बायांबरोबर बसलो. कोणती वाट पाण्याची, कोणती मोळीची, वाघोबाचं ठाणं कुठे, पावसात कुठे जायचं नाही, हे त्यांनी सांगितलं. आमच्या नकाशात यातलं काहीच नव्हतं. नवी वाट त्यांनी दाखवली, वेळ सातची ठरली. आणि संडासाचा अर्ज आम्ही मिळून लिहिला. संबंधित खाती एकमेकांकडे बोट दाखवत राहिली. जमीन जंगलाची, की शहराची? दीड वर्ष खेपा घातल्यावर दोन संडास आणि एक दिवा मिळाला. पाणी अजून लांबून आणावं लागतं. हे यश म्हणून सांगत नाही, हिशेब म्हणून सांगते आहे.

हल्ली जंगलात धावण्याच्या स्पर्धा होतात. प्रवेश फी, बूट, छापील बनियन. त्यात भाग घेणाऱ्या बायांना मी नावं ठेवत नाही, त्यांनाही घरातून निघताना काहीतरी ओलांडावं लागलेलं असतं. पण ती वाट आधी कुणाची आहे, हे विचारलं पाहिजे. नाशिकजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्यपदक मिळवते, तेव्हा डोंगरातल्या पोरींच्या पायात काय आहे ते देशाला दिसतं. त्या पायांना रोज काय वाहावं लागतं, ते दिसत नाही. आणि कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्या भिक्षुणी आणि उपासिकांची नावं कोरलेली आहेत. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी बाया याच डोंगरात येत होत्या, आणि त्यांची नावं दगडावर राहिली. आपण काही नवीन मागत नाही आहोत.

तेव्हा मैत्रिणींनो, आपापल्या गावात, वस्तीत धावायला जरूर सुरुवात करा. टेकडी असेल तर टेकडीवर, माळ असेल तर माळावर. पण वाट आखण्याआधी तिथे पहाटे कोण येतं, कशासाठी येतं, हे त्या बायांना विचारा. आणि आरोग्याच्या मागण्यांत संडास, दिवा, कचरा उचलणं यांच्या शेजारी आणखी एक ओळ लिहा: बाईला दिवसातला अर्धा तास, तिचा स्वतःचा, आणि तो घालवायला निर्धोक जागा.

पाड्यातली ती कोयतेवाली बाई आता कधीकधी आमच्या बरोबर येते. धावत नाही, झपाझप चालते. चढावर आम्ही सगळ्या तिच्या मागे असतो.